पहिल्या वेलांटीबद्दल तक्रार

जबाब

नाव : वेगळ्या कागदावर माझ्या हस्ताक्षरात जोडले आहे. लेखनिक हवालदारांनी ते दोनदा लिहिले आणि दोन्ही वेळा निरनिराळ्या प्रकारे चुकवले, म्हणून.
वय : साठीला टेकलेले. नेमका आकडा त्याच कागदावर आहे.
धंदा : मुद्रितशोधन. 'प्रूफरीडर' लिहिले तरी चालेल. 'प्रुफरिडर' चालणार नाही.
राहणार : बाजारामागची गल्ली, औषधाच्या दुकानावरचा पहिला मजला, दोन खोल्या.

मी वर सांगितलेली बाई, स्वतःच्या पायांनी ठाण्यात येऊन, कोणाच्याही सांगण्यावरून किंवा भरीला पडून नव्हे, घडलेला प्रकार सांगते तो असा. तो मी सांगते तसाच लिहावा, मधले स्वल्पविराम गाळू नयेत, अशी विनंती मी लेखनिक हवालदारांना केली आहे. त्यांनी "बघतो" असे उत्तर दिले.

आपल्या ठाण्याच्या दारावर 'महीला मदत कक्ष' अशी पाटी आहे. आत आल्यावर बाकाच्या वर 'तक्रारदारांनी बसुन घ्यावे' असे रंगवलेले आहे. याबद्दल मी वेगळी तक्रार करणार नाही, कारण हे अक्षर कोणाच्या हातचे ते मला रस्त्याच्या पलीकडूनच कळले होते. तो हात ज्यांचा आहे त्यांच्याविरुद्धच माझी आजची फिर्याद आहे.

सदर इसम पाट्या रंगवण्याचा धंदा करतात. सगळे त्यांना पेंटर म्हणतात. "सदर इसम तुमचे कोण?" असे हवालदारांनी विचारले. कागदोपत्री पती. दोन वर्षांपासून ते त्यांच्या दुकानामागच्या खोलीत राहतात आणि मी वरील पत्त्यावर राहते. घटस्फोट झालेला नाही. भांडणही झालेले नाही. मग वेगळे का राहता, असे विचारल्यावरून सांगते की ते ओघात येईल, मध्येच तोडू नये.

मी एका मुद्रणालयात उभी हयात दुसऱ्यांच्या चुका काढण्यात घालवली. ज्यांच्या भाषणांना सभागृह भरते, अशा लेखकांना 'आणि' लिहिता येत नाही, हे मी या डोळ्यांनी पाहिले आहे. एका गृहस्थांनी मातृभाषेवर पुस्तक लिहिले, त्यात 'मातृभाषा' हा शब्द चार प्रकारे लिहिला होता. मी तो सगळीकडे एकसारखा केला. त्यांना मानपत्र मिळाले. माझे नाव आजवर छापल्या गेलेल्या एकाही पुस्तकात नाही, अगदी शेवटच्या पानावर बारीक अक्षरांतही नाही. याबद्दल मला खंत नाही. त्या पुस्तकांपैकी बहुतेकांत आपले नाव असावे असे मला वाटले नाही.

मात्र गेली कित्येक वर्षे मी स्वतःचे एक पुस्तक लिहीत होते. विषय शुद्धलेखन. लोकांनी पाट्यांवर, फलकांवर, पत्रिकांवर, डब्यांवर केलेल्या चुका डाव्या बाजूला, बरोबर रूप उजव्या बाजूला आणि खाली का ते. हवालदारांनी "असलं कोण वाचणार?" असे विचारले. त्यांनी वाचले तर बरे होईल.

आमचे मालक आता थकले आहेत. ते येत्या महिन्यात मुद्रणालय मुलाच्या हवाली करणार आहेत आणि मुलगा पुस्तके बंद करून नुसती खोकी नि औषधांची वेष्टणे छापणार आहे. मालकांनी मला शब्द दिला होता. "बाई, सोमवारी सकाळी फाइल आणून द्या. मी माझ्या हातानं मशीनवर चढवतो. त्याच्यानंतर मला इथं कोणी विचारणार नाही." म्हणजे सोमवार हुकला असता तर माझे पुस्तक कधीही छापले गेले नसते. माझ्या नावाचे असे ते एकच होते.

फाइलला पासवर्ड का लावला, असे विचारल्यावरून सांगते. मुद्रणालयातल्या ऑपरेटरने एक प्रकरण नुसते बघायला म्हणून मागून घेतले. हा मुलगा संगणकशास्त्र शिकलेला आहे आणि कानात सतत काहीतरी खुपसून बसतो. त्याने संगणकाला सांगून प्रकरणातल्या सगळ्या चुका दुरुस्त करून आणल्या. पुस्तकच चुकांचे. त्याने डावी बाजू उजवीसारखी करून टाकली आणि वर मला म्हणाला, "बाई, एक लाल रेघ शिल्लक ठेवली नाही बघा." मी त्याच्याशी त्यानंतर बोललेले नाही. घरी जाऊन जुनी प्रत काढली, ते प्रकरण पुन्हा बसवले, सगळ्या फाइलला पासवर्ड लावला, आणि पासवर्ड नसलेल्या प्रती खोडून टाकल्या. पेनड्राइव्हवर जी प्रत होती तिलाही तोच पासवर्ड होता.

पासवर्ड मी कुठेही लिहून ठेवला नाही. पासवर्ड चिटोऱ्यावर लिहून तो संगणकालाच चिकटवणाऱ्या माणसांबद्दल माझे मत फार वाईट आहे. हवालदारांनी या वेळी आपल्या टेबलावरच्या संगणकाची एक चिठ्ठी काढून खिशात टाकली.

त्यानंतर एका कारखानदाराच्या आत्मचरित्राची तपासणी माझ्याकडे आली. ते इतके जाड आणि इतके खोटे होते की त्यात माझे कित्येक आठवडे गेले. मागच्या बुधवारी मी माझी फाइल उघडायला बसले. पासवर्ड टाकला. 'पासवर्ड चुकीचा आहे' असे आले. मला तोंडावर चुकीचे म्हणायची आजवर कोणाची टाप झाली नव्हती. मी पुन्हा टाकला. पुन्हा तेच.

तो पहिल्या प्रकरणातला शब्द आहे, एवढे मला पक्के आठवत होते. पहिले प्रकरण वेलांट्यांचे. त्यातले शब्द मला तोंडपाठ आहेत, म्हणून मी एकेक शब्द टाकत गेले. टाकताना पडद्यावर अक्षर दिसत नाही, नुसते काळे ठिपके उमटतात. जिने जन्मभर अक्षरे डोळ्यांखालून घातली तिच्यापुढे ऐन वेळी ठिपके आले. प्रकरण संपले तरी फाइल उघडली नाही. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

नंतर मी संगणक दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. त्याच्या दुकानावर 'कॉम्प्युटर डॉक्टर' असे लिहिले आहे आणि खाली 'सर्व प्रकारची दुरूस्ती'. ज्याला 'दुरुस्ती' हाच शब्द दुरुस्त लिहिता येत नाही त्याच्याकडे जाऊ नये हे मला कळत होते. पण गरज माझी होती. आमचे बोलणे पुढीलप्रमाणे झाले.

"मॅडम, पासवर्ड काय होता?"

"तो आठवत असता तर मी तुमच्याकडे आले असते का?"

"नाही, म्हणजे अगदी नक्की नको. साधारण काय होता?"

साधारण पासवर्ड कसा असतो हे मला अजून कळलेले नाही. त्याने फाइल ठेवून घेतली, तिच्यावर कसलासा प्रोग्रॅम सोडला, आणि शनिवारी मला बोलावून म्हणाला, "मॅडम, खोटं कशाला सांगू? मराठीतनं ठेवलाय म्हणता, वर लांबडा आहे. मशीन सगळी अक्षरं फिरवून बघत बसणार. तोवर आपण दोघंही म्हातारे होऊ." मग माझ्याकडे नीट पाहून "मी तरी होईन" अशी त्याने दुरुस्ती केली. नवीन फाइल करून घ्या, असा सल्लाही दिला. जणू काही मी वाण्याची यादी हरवून बसले होते.

माझी धाकटी बहीण दोन गल्ल्या सोडून राहते. तब्येतीचे निमित्त करून तिने माझ्या घराची एक किल्ली स्वतःकडे ठेवून घेतली आहे. माझ्या तब्येतीला काही झालेले नाही. शनिवारी संध्याकाळी ती आली आणि माझ्यामागे उभी राहून सूचना करू लागली.

"ताई, तुझी जन्मतारीख टाकलीस?"

"मी मूर्ख आहे का?"

"माझी?"

"नाही."

"मग भावजींचं नाव टाकून बघ की."

मी तिच्याकडे नुसते पाहिले. जाताना दारात म्हणाली, "तू सगळं आठवून बघतेस गं, पण जे आठवायचं नाही ते सोडून." अशी वाक्ये ती मालिका पाहून शिकते.

रविवारी दुपारी मी मालकांच्या घरी गेले. आठवडाभराची मुदत मागायला गेले होते. मी कोणाकडे कधी काही मागत नाही, त्यामुळे मालक घाबरून उठून उभे राहिले. पण मुदत मिळाली नाही. "बाई, माझ्या हातात असतं तर दिली नसती का?" असे म्हणाले. मुलगा आतल्या खोलीत खोक्यांचे नमुने मांडून बसला होता. त्यांच्या एका खोक्यावर 'नाजुक वस्तू' छापले होते. 'नाजूक' हवे. मी ते सांगितले नाही. त्या दिवशी मला काही सांगावेसे वाटले नाही.

घरी परत आले तेव्हा दाराला कुलूप जसेच्या तसे होते. आत संगणक सुरू होता आणि पडद्यावर माझी फाइल उघडी होती. पहिले प्रकरण, पहिले पान.

मी घराची पाहणी केली. चोरीला काही गेलेले नव्हते. पंखा बंद होता. रस्त्याकडची खिडकी मी उघडी टाकून गेले होते, ती लावलेली होती, कारण तिच्यातून संगणकावर धूळ येते. माझी खुर्ची मुद्दाम खाली केलेली असते, कारण एरवी माझे पाय जमिनीला टेकत नाहीत. जो कोणी तिच्यावर बसला असेल त्याला ती वर करावीच लागली असणार. तरीही ती माझ्याच उंचीवर होती. खोलीत टर्पेंटाइनचा वास होता. तो वास कोणाचा हे मी झोपेतही सांगू शकते.

मी बहिणीला फोन लावला. तिने पहिल्यांदा "ताई, ओरडू नकोस" असे म्हटले, त्यावरूनच मला सगळे समजले.

"मीच बोलावलं भावजींना. तुझी अवस्था बघवेना गं. आले, इकडंतिकडं बघितलं, बसले, एकदाच काहीतरी टाइप केलं आणि उघडलं. मी चहाचं आधण ठेवायला वळले तेवढ्यात."

"काय टाइप केलं?"

"विचारलं मी. तर म्हणाले, ते तिचं आहे, मी कशाला सांगू?"

"चहा प्यायले?"

"नाही. थांबलेच नाहीत."

शेवटचा प्रश्न मी का विचारला, असे हवालदारांनी विचारले. घटनेची पूर्ण माहिती असावी म्हणून विचारला.

ज्या माणसाला सव्वीस वर्षांच्या संसारात साखरेचा डबा कोणता ते सांगता आले नाही, तो माझ्या डोक्यातला शब्द पहिल्या झटक्यात ओळखतो, हे कोणाही शहाण्या माणसाला पटणार नाही. यात काहीतरी गुन्हा आहे अशी माझी तेव्हा खात्री झाली आणि आजही आहे.

मी फाइल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढली, कारण त्यांनी तिच्यात काय उद्योग केला आहे ते पाहणे भाग होते. एक स्वल्पविरामसुद्धा हललेला नव्हता. पहिल्या प्रकरणाच्या सुरुवातीला मी असे लिहिले आहे : 'या प्रकरणातील निम्म्याहून अधिक चुका एकाच रंगाऱ्याच्या हातच्या आहेत. एवढ्या चुका एवढ्या सुबक अक्षरात करणारा माणूस विरळा.' हेच पान पडद्यावर होते. म्हणजे ते त्यांनी वाचले. वाचूनही काही खोडले नाही, यात त्यांचा काय डाव आहे ते मला समजलेले नाही.

फाइल उघडी होती, परंतु पासवर्ड काय ते मला अजूनही कळलेले नव्हते. त्यासाठी मी दिवा लावून कीबोर्ड तपासला. सदर इसम सध्या रस्त्याच्या कडेचे खांब पिवळे करण्याच्या कामावर आहेत आणि काम झाल्यावर हात नीट धूत नाहीत. काही बटणांवर पिवळट बोटे उमटली होती. आ. श. रफार काढताना लागणारी बटणे. व. काना. द. वेलांटीचे बटण सर्वांत पिवळे होते. ती पहिली वेलांटी होती, म्हणजे ऱ्हस्व. दुसऱ्या, म्हणजे दीर्घ वेलांटीचे बटण तिला लागूनच आहे. ते लख्ख होते.

शब्द असा झाला : आशिर्वाद.

इथे हा शब्द पहिल्या वेलांटीनेच लिहावा, असे मी हवालदारांना बजावले. तो चुकीचा आहे. बरोबर शब्द आशीर्वाद, शी दुसरी. पण जबाब खरा राहायचा असेल तर चूक चुकीचीच लिहिली पाहिजे. हवालदार म्हणाले, "मी तर कायम पहिलीच काढतो." ते दिसतेच आहे.

आशीर्वाद हा शब्द मी त्या चार दिवसांत किती वेळा टाकला असेल याची गणती नाही. प्रत्येक वेळी दुसऱ्या वेलांटीने टाकला. माझा हात तसाच जातो, त्याला मी काही करू शकत नाही. पहिली काढा नाहीतर दुसरी, ठिपके तेवढेच उमटतात.

हा शब्द कुठला, असे विचारल्यावरून सांगते. लग्नानंतर आम्ही या दोन खोल्या घेतल्या तेव्हा सदर इसमांनी दारावर लावायला पत्र्याची एक पाटी रंगवून आणली. निळ्या जमिनीवर पांढरी अक्षरे, कोपऱ्यात एक पान. आशिर्वाद. मी म्हटले, वेलांटी चुकली. ते पाटीकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणताना तर बरोबर आहे ना?" मी म्हटले, माझ्या दारावर हे लागणार नाही. त्यांनी दुरुस्त करून देतो म्हटले, पण निळा रंग संपला होता, आणि मग ते राहून गेले. पाटी मी उलटी करून इस्त्रीखाली ठेवते. पत्रा जाड आहे, इस्त्रीची आच खाली लागत नाही. दुसरे कोणतेही कारण नाही.

वेगळे राहण्याचे कारण आता ओघात आले आहे. दोन वर्षांपूर्वी नव्या वाचनालयाचे उद्घाटन होते. पाटी सदर इसमांनी रंगवली होती. स्मरणिका मी तपासली होती, म्हणून आभार मानायचे काम माझ्याकडे दिले होते. आभार मानता मानता माझी नजर पाटीवर गेली. 'विद्यार्थांसाठी मोफत' असे लिहिले होते. 'विद्यार्थ्यांसाठी' हवे. ते मी ध्वनिक्षेपकावरून सांगितले. लोक हसले. सदर इसम नवा सदरा घालून मागच्या रांगेत बसले होते. ते उठले, शिडी मागून घेतली, आणि सगळ्यांदेखत वर चढून पाटी दुरुस्त करून खाली आले. सदऱ्यावर रंग सांडला. लोकांनी टाळ्याही वाजवल्या. मी जे सांगितले ते व्याकरणाच्या दृष्टीने शंभर टक्के बरोबर होते. त्याच आठवड्यात त्यांनी ब्रश आणि कपडे दुकानामागच्या खोलीत नेले. मला काही बोलले नाहीत. सदरा इथेच राहिला. त्याचा डाग निघाला नाही.

आज सकाळी मी पासवर्ड काढलेली फाइल मालकांना दिली. त्यांनी माझ्यासमोर ती यंत्रावर चढवायला पाठवली. नंतर मी सरळ ठाण्यात आले. तक्रार अशी की, सदर इसम माझ्या परवानगीशिवाय माझ्या घरात आले, माझ्या खुर्चीवर बसले आणि माझा दस्तऐवज उघडला.

हवालदारांनी सदर इसमांना फोन करून बोलावून घेतले. ते खांबांचे काम टाकून आले आणि स्वतःच रंगवलेल्या 'बसुन घ्यावे' या पाटीखाली बसले. मला पाहून उठले आणि पुन्हा बसले. वाळले आहेत. हे शेवटचे वाक्य लिहू नये असे मी सांगितले, पण ते लिहून झाले होते आणि हवालदार म्हणाले की जबाबात खाडाखोड चालत नाही.

मग माझ्यासमोर पुढीलप्रमाणे विचारपूस झाली.

"पेंटर, पासवर्ड कसा काय कळला तुम्हाला?"

"कळला कुठं, साहेब? ती जुनी पाटी इस्त्रीखाली दिसली. म्हटलं, बाईंनी सांभाळून ठेवलीय, तर बघावं टाकून."

सांभाळून नव्हे, इस्त्रीखाली, असे मी मध्येच स्पष्ट केले.

"बरं, पण वेलांटी? यांनी स्वतः एवढे दिवस दुसरी काढली. तुम्हाला पहिली कशी सुचली?"

"कोणती वेलांटी?"

"आशिर्वादची."

"त्याच्यात काय सुचायचंय? मी आपलं सरळ लिहिलं. एकच तर असते ना त्याला?"

हवालदार हसले. सदर इसम माझ्याकडे पाहू लागले. पूर्वीही एखादी पाटी रंगवून झाली की ते असेच पाहायचे. अशा माणसाला काय सांगायचे? संसारभर सांगून जे डोक्यात शिरले नाही ते पोलीस ठाण्यात थोडेच शिरणार आहे? मी त्यांना बाहेर बसायला सांगण्याची विनंती केली.

त्यानंतर हवालदारांनी मला विचारले, "मॅडम, एक सांगा. पासवर्ड ठेवला तुम्ही. पहिली वेलांटी तुम्हीच टाकली. ती चुकून पडली की मुद्दाम?"

मी म्हटले, माझ्या हातून वेलांटी चुकत नाही. शिवाय पासवर्ड ठेवताना तो दोनदा टाकावा लागतो. दोन्ही वेळा पहिलीच पडली.

"म्हणजे मुद्दाम."

मी म्हटले, असे मी म्हटलेले नाही.

"मग चुकून लिहितो."

मी म्हटले, चुकून लिहिलेत तर मी सही करणार नाही.

"अहो मॅडम, दोन्हीपैकी एक काहीतरी असणारच ना. मला पुढं लिहायचंय."

मला पाणी देण्यात आले. ते मी प्यायले. पेला कळकट होता. हवालदार लेखणी धरून थांबले. बाहेर बाकाचा आवाज झाला, कोणीतरी बसल्या जागी सरकल्यासारखा.

मी सांगितले : मुद्दाम.

का, असे विचारले. चोराने कितीही डोके चालवले तरी माझ्याकडून चुकीचा शब्द येईल हे त्याला सुचणार नाही, म्हणून. हवालदार म्हणाले की चुकीचे शब्द तर तुमच्याकडे पुस्तकभर होते, मग नेमका हाच का? याचे उत्तर मी देत नाही. आणि मुद्दाम ठेवला तर विसरलात कशा, याचेही देत नाही. माझा संबंध पासवर्डशी आहे, तो सांगितला आहे.

पुढील माहिती विचारल्यावरून सांगते. कीबोर्डवरचे डाग मी पुसलेले नाहीत. हवालदारांनी घासलेटाने निघतील असे सुचवले. डाग हा पुरावा आहे, तो राहील. माझ्याकडच्या फाइलचा पासवर्ड बदलला का, असेही विचारले. बदललेला नाही. आता तो एका माणसाला ठाऊक झाला आहे, तेव्हा बदलायला हवा, असे हवालदारांचे मत पडले. त्यांचे मत मी ऐकून घेतले.

सदर इसमांविरुद्ध तक्रार पुढे चालवायची का, असे विचारल्यावरून सांगते की तक्रार आहे. पण ती लग्नापासूनची आहे आणि असल्या तक्रारी इथे घेत नाहीत, असे हवालदारांनी सांगितले. तेव्हा कालच्या प्रकारापुरती कारवाई नको. बहिणीकडची किल्ली काढून घ्यायची का, असेही विचारले. ती तिच्याकडेच राहू दे. ह्यांना खांबांच्या कामावर परत जायचे असेल, त्यांना उगीच बसवून ठेवू नये.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. उकाडा असल्याने दार उघडे होते आणि त्यांचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत जात होता. 'वाळले आहेत' हेही त्यांनी वाचले. तो शब्द जिथे दोन्ही वेलांट्यांनी आला आहे तिथे मी त्यांना थांबवले आणि पुन्हा वाचायला लावले. त्यांनी पुन्हा वाचले. आशिर्वाद, आशीर्वाद. कानाला दोन्ही सारखेच आले. मी आणखी एकदा वाचायला सांगितले. तेव्हा बाकावरून ह्यांनी विचारले, "म्हणताना तर बरोबर आहे ना?"

बरोबर आहे.